खुंटीला टेकलेला काटा

१९७८ साली कागद कारखान्याच्या तीन नंबरच्या गुंडाळणी यंत्रावर नवा रोलर बसला. त्याच्या दोन्ही टोकांखाली कागदाचा ताण मोजणारे सेन्सर होते. तेव्हा आकड्यांचे पडदे नव्हते. पांढरी तबकडी आणि काळा काटा, बस्स. काट्यानं सांगितलं की विषय संपला.

चौथ्या दिवशी सकाळी कागद पुन्हा फाटला.

मॅनेजरांनी मोजमाप खोलीतल्या बाईंना बोलावलं. सगळी वजनं आणि मापं त्यांच्याच कुलपात असत.

"काटा वीस किलोवर आहे आणि कागद तुटतोय. कुणीतरी मापकाशी खेळलंय," मॅनेजर म्हणाले. "काल लंबू मापकाच्या पेटीपाशी स्क्रूड्रायव्हर घेऊन उभा होता. पाचपर्यंत छडा लावा, नाहीतर त्याला घरी पाठवतो."

लंबू यंत्र चालवायचा. घरी आई आणि दोन मुली, कमावता तो एकटा.

बाई तडक यंत्रापाशी गेल्या. "खिसे रिकामे करा."

"सगळ्यांसमोर, ताई?"

"सगळ्यांसमोर."

एक बारीक स्क्रूड्रायव्हर निघाला. मागोमाग दांडी निखळलेला एक चष्मा.

"आईचा आहे," तो मान खाली घालून म्हणाला. "उजेड पेटीपाशीच बरा येतो."

कुणीतरी फिदीफिदी हसलं. मग बाईंनी पेटी पाहिली. पहिल्या दिवशी त्यांनीच लावलेलं लाखेचं सील जसंच्या तसं होतं. हे आधी पाहायला हवं होतं. 

"कागद लावलेला नसताना काटा कुठे असतो?" त्यांनी आवाज खाली आणत विचारलं.

"शून्यावर. तबकडीवरच्या खुंटीला टेकलेला."

"टिचकी मारली तर थरथरतो?"

"नाही ताई. चिकटल्यासारखा बसतो."

बाईंनी मोजमाप खोलीत फिटरला बोलावलं.

सेन्सर त्यानंच जुळवले होते. तो बाईंचा सख्खा थोरला भाऊ. त्यांच्या हातात पहिलं माप त्यानंच दिलं होतं.

"दादा, शून्य कसं घेतलंस?"

"कसं घेतात? रोलरवर कागद नाही, वजन नाही, तेव्हा काटा शून्यावर आणला. मग दोरीनं वीस किलो टांगलं, काटा वीसवर आणला. आता तू मला शिकवणार?"

"कुठलं वजन?"

"तूच काढून दिलेलं."

त्यांनी ते वजन तराजूत घातलं. वीस म्हणजे वीस.

"दोरी रोलरवर घासली नाही?"

दादानं मान वळवली. तो बाईंच्या भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडे बघत होता. मागच्या वर्षी एक रोलर ओरखडला, तेव्हा बाईंनी ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: काम पूर्ण झाल्याची माझी सही होईपर्यंत रोलरचं आवरण काढू नये.

बाई मागच्या अंगणात गेल्या. भंगारापाशी ते आवरण पडलं होतं, गोणपाटात शिवलेल्या लाकडी पट्ट्यांचं. मधोमध दोरीचा काळपट वळ होता. त्यांनी ते उचलून तराजूवर ठेवलं. सात किलो.

पाचला सगळे यंत्रापाशी जमले. रोलर मोकळा होता. बाईंनी पेटीवर टिचकी मारली. काटा हलला नाही.

"हे शून्य नाही," त्या म्हणाल्या. "काट्याला शून्याच्या खाली जायचंय, पण खुंटी अडवतेय. आता बघा."

त्यांनी आवरण रोलरवर घातलं आणि पुन्हा टिचकी मारली. काटा खुंटीपासून सुटून शून्यावर थरथरू लागला.

"सेन्सर जुळवले ते आवरणासकट. म्हणजे या सात किलोंना यंत्र शून्य समजलं. नंतर आवरण काढलं. आता काट्यानं वीस दाखवावं म्हणून यंत्र कागद सत्तावीसनं ओढतंय. तो फाटेल नाहीतर काय?"

"म्हणजे फिटरची चूक," मॅनेजर म्हणाले.

"त्यानं माझा नियम पाळला. शून्य घेताना तो लागू नाही, हे मी लिहिलं नव्हतं. जुळवणी झाली त्या संध्याकाळी मी आले, आवरण घातलेलं पाहिलं, वर शाबासकी दिली आणि सही केली. गुन्हेगार मी आहे, साहेब. आणि खिसे मी या माणसाचे उलटे केले."

कुणीच हसलं नाही.

बाहेर पडताना दादा हळूच म्हणाला, "मला परवाच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"खाली सही तुझी होती."

"आणि लंबूची नोकरी?"

दादा फाटकाकडे चालू लागला.

आवरण काढून शून्य पुन्हा घेतलं, आणि त्यानंतर कागद पुन्हा फाटला नाही. मॅनेजरांनी लंबूला काढण्यासाठी तयार ठेवलेलं पत्र फाडलं. दोन वर्षांनी ते दुसऱ्या कारखान्यात गेले. दादानं मुदतीआधीच निवृत्ती घेतली. बहिणीकडे तो येत राहिला, पण कामाचा विषय त्यानं परत काढला नाही. बाईंनी पुठ्ठा उतरवला आणि खाली एक ओळ वाढवून पुन्हा लावला: शून्य घेताना रोलर उघडा हवा. आवरण त्यांनी भंगारात जाऊ दिलं नाही. ते खोलीच्या कोपऱ्यात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं उभं असे.

लंबू पुढे पाळीप्रमुख झाला. बाईंनी त्याची माफी मागितली होती, दोनदा. दोन्ही वेळा तो "असू दे" म्हणाला. बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यानंच त्यांची पिशवी फाटकापर्यंत उचलून आणली, रिक्षात नीट ठेवली आणि हात जोडले.

"जपून जा, मॅडम," तो म्हणाला.

खिसे उलटे झाले त्या दिवसानंतर तो त्यांना कधी ताई म्हणाला नाही.