ललितनं सोडून दिलेलं

"त्या रात्री ललितला फक्त आईला स्टेशनवर सोडून यायचं होतं," अभिमन नाना म्हणाले. "एवढंच काम."

वीज गेली होती. गच्चीवर आम्ही तिघं, मी, मेघा आणि दीपक. नाना कठड्याला टेकून बसले होते. एसटी चालवण्यात त्यांचं आयुष्य गेलं, रात्रीचे रस्ते त्यांना तोंडपाठ.

"कोण ललित?" मेघानं विचारलं. ती धुळ्याला बीएस्सी करते आणि भुताच्या गोष्टीला पुरावा मागते.

"चौकातल्या फुलचंद शेठचा मुलगा, किराणावाला. जैन घर, दिवस मावळल्यावर जेवण नाही. आणि या पोराला नाद लागला मासे धरायचा."

दीपक हसला.

"हसू नको. खायला नाही. मोबाइलवर परदेशातली माणसं बघायचा. तिकडे बास नावाचा मासा असतो, तो रबराच्या गांडुळाला फसतो. जिवंत गांडूळ गळाला टोचणं याच्या हातून व्हायचं नाही. रबराला जीव नाही, मग पाप कसलं, असं याचं म्हणणं. पाकीट मागवलं. इतकं मऊ, की बोटात धरलं तरी वळवळायचं. घरी पत्ता नाही. घडीची काठी, रीळ, सगळं स्कूटीच्या डिक्कीत, पोत्याखाली."

"आणि शिकवलं कोणी? तुम्ही?" मी विचारलं.

"मी गांडूळवाला. मला ते रबर काय कळतं? बसायचो त्याच्याबरोबर तळ्यावर. आधी त्याच्या गळाला नुसत्या काठच्या बाभळीच लागल्या. फेकलं की घाईघाईनं ओढायचा. मग उमजलं. रबर तळाला बसू द्यायचं. काठीचं टोक हलकेच उचलायचं. थांबायचं. परत उचलायचं. मासा तोंडात घेतो तेव्हा झटका बसत नाही, दोरी नुसती जड होते. आपल्याकडे बास नाही, पण मरळ आहे. पहिली मरळ लागली तेव्हा पोरगा रडला. आणि सोडून दिली. प्रत्येक मासा सोडताना हात जोडायचा, 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणायचा. क्षमा मागायचा त्याची. मी म्हणायचो, शेठ, हाई कसं काम शे भो? जेवाले बसाडतस आनि ताट वढी लेतस?"

आता मेघाही हसली. नानांनी पाठ कठड्याला नीट टेकवली.

"तर ती रात्र. दोन हजार तेवीस. सर्वपित्री अमावस्या, शनिवार. गावात घरोघरी पितरांना पान वाढलेलं. ललितच्या घरी ती रीत नाही, त्याच्या ध्यानातही नव्हतं. त्याच्या आईला, झमकूबाईंना, पाचोऱ्याला लेकीकडे जायचं होतं. शेठ मालासाठी सुरतेला. घरात ललितची बायको चेलना आणि दीड महिन्याची मुलगी. निघताना चेलना म्हणाली, सरळ घरी या, आज मला एकटीला नको वाटतंय. हा म्हणाला, गेलो आणि आलो."

"आणि गेला तळ्यावर," दीपक म्हणाला.

"गेला. दोंडाईच्याला गाडी वेळेवर आली, आई बसली. परत येताना पाझर तलाव लागतो. वारा पडलेला. आत्ता तळाशी मासा असणार, असं त्याला वाटलं. पाच-सहा वेळा फेकू आणि निघू. बॅटरी लावली नाही. कोणी बघितलं तर घरी कळेल ना."

नानांचा आवाज खाली गेला.

"काही लागलं नाही. शेवटचं म्हणून फेकलं. रबर तळाला बसलं. टोक उचललं. थांबला. दोरी जड झाली."

"मरळ," दीपक म्हणाला.

"मरळ लागली की पाणी फोडते. हे फोडत नव्हतं. ओढलं तसं येत होतं. धडपड नाही. नुसतं... चालत आल्यासारखं. काठापर्यंत."

...

"मरळीला दात असतात. तिला धरायला तो चिमटा वापरायचा. चिमटा डिक्कीत राहिलेला. व्हिडिओत ती माणसं बासच्या तोंडात अंगठा घालतात, खालचा ओठ धरतात आणि उचलतात. बासचे दात बारीक, लागत नाहीत. मी याला कितीदा बजावलं होतं, इथे तसं करायचं नाही. पण अंधार. घाई. तो वाकला. अंगठा आत घातला."

नानांनी स्वतःचा अंगठा मुठीत धरला.

"ओठ मऊ होता."

...

"आत ऊब होती. मासा थंड असतो, मेघा."

मेघानं पाय जवळ ओढून घेतले.

"दात होते. ओळीनं. सपाट. जीभ होती. आणि ते... अंगठा चोखायला लागलं."

खाली गल्लीत कुत्रं उठलं, जागा बदलून परत बसलं.

"घरी मुलगी असाच त्याचा अंगठा धरायची. भूक लागली की. म्हणून ही भूक आहे, हे त्याला लगेच कळलं. हात ओढला. सुटेना. दुखत नव्हतं, पण सुटेना. मग तोंडातून सवयीचं तेच निघालं. मिच्छामि दुक्कडम्. आणि ते पाण्यातलं तोंड उघडलं. अंगठा सुटला."

"म्हणजे गेलं ते," मेघा म्हणाली. घाईनं म्हणाली.

"त्यालाही तसंच वाटलं. पण पाणी हललं नव्हतं, बाई. परत पाण्यात गेलं असतं, तर हललं असतं."

...

"काठी तिथेच टाकली. स्कूटी काढली. गावाजवळचा चढ आला आणि गाडी ओढेना. झमकूबाई मागे बसल्या की जड व्हायची, तशी. त्यानं मागे बघितलं नाही. आरशातही नाही.

"घरी आला. किल्लीनं दार उघडलं, आत येऊन कडी लावली. चेलना झोपलेली. मुलगी पाळण्यात. छातीवर हात ठेवून बघितलं, श्वास चालू. तेव्हा कुठे जीव खाली पडला. मग मोरीत गेला. अंगठा घासत बसला. साबणानं, राखेनं. बराच वेळ. वास जात नव्हता."

"कसला वास?" मी विचारलं.

"त्यानं सांगितलं नाही... बाहेर आला तर चेलना जागी. म्हणाली, झोपा ना आता. पाजलंत ना तिला.

"हा म्हणाला, मी मोरीत होतो.

"ती म्हणाली, मग पाळण्याशी कोण बसलं होतं? मी म्हटलं दिवा लावा. तुम्ही बोलला नाहीत. माझ्याकडे पाठ करून बसला होतात.

"दिवा लावला. कोणी नाही. फरशी कोरडी. दाराला कडी. भरून ठेवलेली दुधाची बाटली रिकामी.

"आणि मुलगी रडायला लागली. भुकेनं."

आम्ही तिघंही न कळत जवळ सरकलो होतो. दीपकनं विचारलं, "मुलगी?"

"चांगली आहे. दुकानात गल्ल्याशेजारी बसते, मला हात करते. ललित परत पाण्याजवळ गेला नाही. त्या घरी आता सर्वपित्रीला दाराबाहेर एक वाटी दूध ठेवतात. फुलचंद शेठ विचारत नाहीत, चेलना सांगत नाही."

"नाना, झोपेत बाईला भास होऊ शकतो," मेघा म्हणाली. आवाज तिचा नेहमीचा नव्हता. "बाटली आधीच रिकामी असेल."

"असेल. मीही तेच म्हणालो. मग चेलनानं बाटली आणून माझ्या हातात दिली. बघा म्हणाली."

नाना उठले. चप्पल पायानं चाचपली.

"मुलीला दात यायला अजून अवकाश होता. बाटलीच्या रबरी बोंडीला वर एक ओळ उमटलेली, खाली एक ओळ. मोठ्या माणसाच्या दातांची."