सात पट्ट्यांची चौकट

खिंडीच्या माथ्यावर वर्षभर उन्हातान्हात, बर्फात उभी असलेली एक चौकट खाली आणायची, एवढ्यासाठी तिघं निघाले होते. अॅल्युमिनियमच्या नळ्यांची, खिडकीच्या झडपेएवढी चौकट. तिच्यावर ताणून बांधलेल्या कापडाच्या सात पट्ट्या. डोंगरात घालायची जाकिटं शिवणाऱ्या कंपनीची सगळी भिस्त त्या पट्ट्यांवर होती. जाकिटात पाणी मुरू नये म्हणून कापडाला जो लेप देतात, तो धुताना निघतो, नदीत जातो आणि कधीच कुजत नाही. कंपनीनं मेण आणि झाडाच्या तेलाचा नवा लेप काढला होता. कापड बनवून देणाऱ्या गिरणीवाल्यानं मात्र बजावलं होतं, "वर्षभर टिकलेला दाखवा, तर लावून देतो. नाहीतर जुनाच घ्या."

चौकट वर नेऊन बांधली होती तिघांतल्या एकुलत्या बाईच्या नवऱ्यानं. कंपनी त्याचीच, ती तिथली कापड बेतणारी कटर. चौकट बांधून तो धडधाकट खाली आला आणि हिवाळ्यात साध्या तापाचं निमित्त होऊन गेला. ती रडली नाही. माणसं भेटून गेली आणि ती पुन्हा कटिंगच्या टेबलापाशी उभी राहिली. कात्री सरळ चालत होती. जेवणाला चव नव्हती, पण जेवण होत होतं. 'बाई दगडाची आहे,' अशी शिलाई खात्यात कुजबूज झाली. तिनं ती ऐकली आणि असेलही तसं, असं तिला वाटलं. त्याच्या हातच्या गाठी आता तेवढ्या चौकटीवरच उरल्या होत्या. त्या दुसऱ्या कुणी सोडू नयेत, एवढंच तिला हवं होतं.

सोबत होता दीर. कंपनी आता तो बघत होता. मनानं उमदा, पण एक खोड होती: काही म्हणजे काही टाकवत नसे. कंपनीचा बाणाच तो होता म्हणा! फाटलं की शिवा, विटलं की रंगवा. पुढे चालत होता वाटाड्या, जिभेनं तिखट आणि पायानं पक्का. त्यानं आपली म्हणून एक कोरी करकरीत दोरी पिशवीत टाकली होती. भडक नारिंगी.

"नवी घेतलीत?" दिरानं नाक मुरडलं होतं. "आमच्याकडे एवढ्या पडल्यात की!"

"पडल्यात म्हणूनच घेतली, शेठ," वाटाड्या म्हणाला होता.

तरी दिराच्या आग्रहाखातर तिघं कंपनीच्याच दोरीनं एकमेकांना बांधून घेऊन चढले. मोठी सुबक, विटकरी रंगाची दोरी होती.

माथ्यावर चौकट होती! एका बाजूला कललेली, पण उभी. पट्ट्यांचा रंग उडाला होता. तिनं पाण्याची बाटली एका पट्टीवर ओतली. थेंब मोत्यांसारखे घरंगळले. दिरानं आनंदानं आरोळी ठोकली. तिनं गाठींना हात लावून पाहिला, सातही पट्ट्यांच्या एकसारख्या. काही वाटेल म्हणून ती थांबली. काही वाटलं नाही. चौकट आहे तशी पाठीवर बांधून तिनं पट्टे आवळले.

उतरताना ऊन वाढलं आणि बर्फ भुसभुशीत झालं. पश्चिमेकडून ढग काळे होत येत होते. बर्फाच्या पठारावर एक भेग आडवी गेली होती. वर गोठलेल्या बर्फाचा पातळ पूल. वाटाड्या गेला. ती गेली. दीर निघाला.

पूल कोसळला!

दोरीनं तिला मागे खेचलं. ती तोंडावर आपटली, घसरली. भेगेची कड जवळ आली! तिनं बर्फकुऱ्हाड छातीखाली घेऊन रोवली. घसरण थांबली. सगळा भार कमरेवर आला.

"भाऊजी!"

"आहे!" खोलातून आवाज आला. "खांदा गेला वाटतं! बाकी आहे!"

वाटाड्या रांगत तिच्याजवळ आला. कडेवर दोरी ताठ होती, तिचं वरचं वेष्टण फाटत चाललं होतं. आतले धागे पिवळे, ठिसूळ. त्यानं दोरीचं मोकळं टोक नखानं खरवडलं. विटकरी रंगाखाली काळा रंग निघाला. बाद दोरीच्या टोकाला काळा रंग फासायचा, ही कंपनीचीच रीत.

"ही बाद दोरी आहे! रंगवली कुणी?"

खालून दीर ओरडला, "मी! जाकिटांच्या रंगात बुडवली. चांगली दिसत होती हो! टोक बघायचं राहिलं!"

"वर या, मग तुम्हालाच रंगवतो!"

वाटाड्यानं नारिंगी दोरी काढली. ती बांधायला आधार हवा होता. त्यानं आपली कुऱ्हाड बर्फात आडवी पुरून ओढून पाहिली. लोण्यातून सुरी निघावी तशी ती बाहेर आली. पुन्हा पुरली. पुन्हा आली! तिची कुऱ्हाड हलवता येत नव्हती. तिच्यावर दोन जीव होते.

"रुंद काहीतरी पाहिजे, ताई," तो म्हणाला. आणि त्याची नजर तिच्या पाठीवर गेली.

फट् करून दोरीचा एक पदर तुटला.

"पट्टे काप," ती म्हणाली. "घे ती."

त्यानं चर खणला, चौकट त्यात उभी घातली, नारिंगी दोरी नळ्यांना गुंडाळली आणि वरून बर्फ तुडवलं. दुसरं टोक कडीसकट खाली सोडलं.

"अडकवा, शेठ! एका हातानं! लवकर!"

"बोटं चालत नाहीत!"

"दात आहेत ना?"

कडी खटकन लागली. दुसऱ्याच क्षणी विटकरी दोरी तुटली! तिच्या कमरेवरचा भार नाहीसा झाला आणि सगळा चौकटीवर गेला. बर्फाखाली कापड करकरलं. वर्षभर ऊन आणि हिम खाल्लेल्या सात पट्ट्या, आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या गाठी. चौकट हलली नाही.

कप्पी लावून दोघं ओढत राहिले. ढग डोक्यावर आले, वारा सुटला, भुरभुर सुरू झाली. अखेर कडेवर एक हातमोजा दिसला, मग दिराचं पांढरंफटक तोंड. तिनं त्याची कॉलर धरून त्याला वर घेतलं.

वाटाड्यानं चौकटीवरचं बर्फ कुऱ्हाडीनं फोडून पाहिलं. भारानं दाबून ते दगड झालं होतं. "खणता येईल," तो म्हणाला. "पण वेळ जाईल. वादळ ऐकायचं नाही, आणि शेठचा खांदा निखळलाय."

दीर उठायला धडपडला. "खणू या. वहिनी, लेप टिकला! त्या पट्ट्यांनी मला पेललं! पण गिरणीवाला नुसत्या तोंडावर ऐकायचा नाही. आणि दादाच्या गाठी..."

"चौकट राहू दे. दोरी काप," तिनं वाटाड्याला सांगितलं. त्यानं कापली.

"मग आता विकायचं काय आपण?" दिरानं विचारलं.

"नवं काही नाही. लोक जुनी जाकिटं आणतील ती दुरुस्त करून देऊ. उद्या छपरावर दुसरी चौकट बांधू आणि वर्षभर थांबू."

"तुम्हाला वाईट वाटत नाही का हो?" त्याचा आवाज फुटला.

तिनं प्रश्नाचा नीट विचार केला, मोजून-मापून, कापड कापण्याआधी करावा तसा. तिचे हात कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे लोंबत होते.

"अजून काही कळत नाही, भाऊजी," ती म्हणाली. "खाली गेल्यावर कळेल. उठा."

तिनं त्याचा धड हात आपल्या खांद्यावर घेतला आणि वाटाड्याच्या पावलांवर पाऊल टाकत ती उतरू लागली.