भिंतीमागची लवंग

बसा, शेगडीजवळ बसा. बोटी आज सुटायच्या नाहीत. दक्षिणेचा हा लोदोस वारा एकदा सुरू झाला की दोन दोन दिवस थांबत नाही. डोकं दुखतंय म्हणता? दुखणारच. लोदोसमध्ये अख्ख्या इस्तंबूलचं डोकं दुखतं, कुणी मनावर घेत नाही. इल्हामी, पाहुण्यांना कडक चहा दे.

मघाशी मला विचारलंत ना, "रिफ्की उस्ता, चाळीस वर्षं गॅसच्या कामात काढलीत, कधी भीती वाटली का?" आमच्याकडे कसबी कारागिराला उस्ता म्हणतात, म्हणून मीही उस्ता. एकदा वाटली. पण नुसती भीती नव्हती ती. काय होती ते ऐका आणि तुम्हीच ठरवा.

असाच जानेवारीतला लोदोसचा दिवस होता. भर दुपारी कुर्तुलुश मोहल्ल्यातून एका बाईचा फोन आला.

"उस्ता, स्वयंपाकघरात गॅसचा वास येतोय. बॉयलरमधूनच येतोय बहुतेक."

"मीटरजवळचा कॉक बंद करा. दिव्याच्या बटणाला हात लावू नका. खिडक्या उघडा. निघालोच मी."

जुनी इमारत, चौथा मजला, जिना असा की वर पोचेपर्यंत माझाच श्वास संपला. दार उघडणारी शेंगुल पंचविशीतली असेल. नवरा जहाजावर, घरात ती आणि तिचं बाळ. कॉक तिने बंद केला होता. स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी होती, पडदा फडफडत होता. मागच्या खोलीचं दार मात्र घट्ट लावलेलं.

"आत तुना झोपलाय," ती म्हणाली. "सहा महिन्यांचा आहे हो, वारा लागायला नको म्हणून तिथली खिडकी नाही उघडली." मग जरा हसली. "एरवी घर डोक्यावर घेतो. आज दहा वाजल्यापासून गाढ झोपलाय, शहाणा माझा. गाल तर कसे लालचुटुक झालेत."

"नशीबवान आहात," मी म्हणालो. त्या शब्दांची मला आजही लाज वाटते.

"माझंच डोकं ठणकतंय सकाळपासून. लोदोस, दुसरं काय."

"दुसरं काय," मीही म्हणालो.

कामाला लागलो. घर तापवायचा बॉयलर भिंतीवर, त्याचा धूर त्याच्याच नळीने खिडकीबाहेर जाणारा. एकेका सांध्याला साबणाचा फेस लावला, एक बुडबुडा उठला नाही. पाइपात दाब भरून तो मोजायची पाण्याची नळी जोडली आणि तिच्यासमोर अर्धा तास बसून राहिलो. पाणी केसभरही खाली आलं नाही. गॅस हुंगणारं यंत्रही गप्प. म्हणजे गळती नाही. धुरातला विषारी वायू मोजायचं दुसरं यंत्र पिशवीच्या तळाशी होतं, ते मी काढलंच नाही. बॉयलर बंद आहे, मग धूर कुठला? फार हुशार समजत होतो ना स्वतःला.

पण वास तर मलाही येत होता. आणि तो आपल्या गॅसचा नव्हता. आजच्या गॅसला सडक्या कांद्याचा वास असतो. हा डांबरासारखा, जड, किंचित गोडसर. क्षणभर मी पंचवीस वर्षांचा झालो. हा कोळशाच्या गॅसचा वास होता. तो गॅस या शहराच्या पाइपांतून केव्हाच गेला, त्याची भट्टीसुद्धा उरली नाही.

त्या गॅसवर मी काम शिकलो ते वार्तान उस्तांच्या हाताखाली. त्यांच्या गालात कायम एक लवंग असायची. म्हणायचे, "रिफ्की, ज्याचा वास येतो त्याला भिऊ नकोस, बाळा. ज्याचा येत नाही, त्याला भी." एका हिवाळ्यात ते मला म्हणाले होते, घरचं धुराडं कोंदलंय, ये एकदा बघायला. मी म्हणालो, लोदोस ओसरला की येतो. लोदोस ओसरायच्या आत ते आणि त्यांची बायको झोपेतच गेले. धुराड्यातून उलट आलेल्या धुरातल्या विषारी वायूने. त्याला वास नव्हता.

"उस्ता... येतोय ना वास?" शेंगुल हळूच म्हणाली.

"येतोय. पण आता इथे नाही."

खरंच, तो सरकला होता. मी बोळात गेलो, वास बोळात होता. दोन पावलं पुढे गेलो, तो आणखी दोन पावलं पुढे. मागच्या खोलीच्या दारापाशी येऊन थांबला. वारा खिडक्या धडधडवत होता आणि त्या दारामागे मात्र काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

"उस्ता," ती माझ्या पाठीमागून म्हणाली, "हा... लवंगेचा वास कुठून येतोय?"

वार्तान उस्तांबद्दल मी तिला एक अक्षर सांगितलं नव्हतं.

मी न विचारता दार ढकललं. पाळण्याच्या उशाशी फुलाफुलांचा कागद लावलेली भिंत होती. तिथे वास इतका दाट, की कुणी खांद्याशी उभं राहून श्वास सोडतंय असं वाटावं. भिंतीला हात लावला. गरम. बोटाने ठोकलं तर पत्रा वाजला. नखांनी कागद फाडला आणि आत जुन्या शेगडीच्या नळीचं भोक निघालं, वर पत्र्याचं झाकण. जुन्या घरांत असतातच ती. बॉयलर आले, शेगड्या गेल्या, लोकांनी भोकांवर कागद चिकटवले. मागे अख्ख्या इमारतीचं एकच धुराडं. खालच्या मजल्यावर कुणीतरी आपल्या बॉयलरची नळी त्याच धुराड्यात खुपसली होती. लोदोस वरून दाबत होता आणि तो सगळा धूर झाकणाच्या फटीतून पाळण्यावर उतरत होता. त्याला कसलाच वास नव्हता.

पिशवीतलं दुसरं यंत्र आता काढलं. चालू होताच ते किंचाळलं.

"उचला त्याला! बाहेर चला, बाहेर!"

शेंगुलने त्याला उचललं, तर मान एका बाजूला कलली. चार मजले आम्ही कसे उतरलो, मला आठवत नाही. वाटेत दिसेल ते दार मी ठोकत होतो. फुटपाथवर ती त्या वाऱ्यातच त्याचं अंगडं सोडत होती, "तुना, रड रे, रड ना रे," म्हणत होती. तो रडला नाही. इस्पितळात प्राणवायू लावला. संध्याकाळी सहाला रडला, आणि मग त्या दोघांबरोबर मीही रडलो, सांगायला लाज कसली. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आणखी गेला असता तर काही हाती लागलं नसतं.

खालचा बॉयलर बंद करवला. ते भोक मी स्वतः विटा लावून बुजवलं. आत काजळीशिवाय काही नव्हतं. वासाचा मागमूस नाही. गिलावा झाल्यावर टोपी हातात घेऊन मी भिंतीसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "उस्ता, त्या वेळी मी आलो नाही. तुम्ही मात्र आलात."

तो वास त्यानंतर कधी...

थांबा जरा. इल्हामी, चहात लवंग घातलीस का रे?

"लवंग? वीस वर्षांत कधी घातलीय का, उस्ता? आणि हळू बोला हो, सकाळपासून माझं डोकं फुटतंय."

पाहुणे, तुम्हालाही येतोय ना तो वास? शेगडीमागून... हो. उठा. सावकाश, टेबलाला धरून. इल्हामी, चहा राहू दे. आधी दार उघड.