बेहड्यावरची फुली

"या झाडाखाली बसू नका, बाई. पुढच्या सोमवारी पाडायचंय ते."

पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या सारिकानं डोळ्यांवरची दुर्बीण न काढताच उत्तर दिलं, "हळू बोला. आत बाळंतीण आहे."

हातात लाल रंगाचा डबा असलेला तरुण गोंधळला. वलवणच्या वरचं रान, एप्रिलचं ऊन; समोर फक्त वाळलेला बेहडा आणि त्यावर त्यानंच मारलेली लाल फुली.

"धनेशाची मादी," सारिका म्हणाली. "ढोलीचं तोंड आतून लिंपून बसलीय. बोटभर फट ठेवलीय, नर तिथून भरवतो. झाड पडलं तर..."

त्यानं डबा खाली ठेवला. तो संदेश. गावच्या वनसमितीसाठी वाळकी झाडं हेरायचं काम त्याचं.

"चूक माझी. पण फुली पुसायची तर पाचही पंचांनी डोळ्यांनी बघावं लागतं. नियम आहे."

"मग आणा पंच."

"आणतो. पण पक्षी कधी येतो ते आधी नीट कळायला हवं. रोज आलो तर चालेल?"

"पक्ष्यासाठी?"

"पक्ष्यासाठीच... बहुतेक."

सहा सकाळी दोघं करवंदीच्या जाळीआड शेजारी बसले. तो वेळा सांगे, ती टिपून घेई. तिसऱ्या दिवशी 'तुम्ही'चं 'तू' झालं. पाचव्या दिवशी त्याच्याकडे बघताना तिची एक नोंद चुकली.

सोमवारी सातला पंच आले. करवतवाले दहाला येणार होते. आठ वाजले, साडेआठ... नर दोनदा लांबच्या उंबरावर आला आणि माघारी फिरला. सारिकानं घड्याळ पाहिलं. मग तिची नजर पंचांतल्या सीताराम आबांच्या पांढऱ्याशुभ्र टोपीवर खिळली. उन्हात ती लखलखत होती; नर तिलाच बुजत होता. संदेशनं ते हेरलं.

"आबा, टोपी काढा."

पंच चपापले.

"लेका, देवापुढं बी काडत न्हाई मी टोपी!"

"म्हाईत हाय, आबा. तरी काढा."

आबांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग टोपी घडी करून मांडीखाली सारली.

नऊ वाजून दहा मिनिटांनी पंख वाजले. नरानं गळ्यातून एकेक उंबर काढलं, फटीतून आलेल्या चोचीत दिलं. अकरा उंबरं.

"रोज येतो व्हय ह्यो?" आबा कुजबुजले.

"दिवसातून दहा-बारा वेळा," सारिका म्हणाली.

"आन् मी पन्नास वर्सांच्या संसारात धोंडाबाईला कदी पान्याचा तांब्या दिला न्हाई..." आबांनी हात वर केला. "झाड ऱ्हाऊ द्या. आन् शिमग्यापास्नं आखाडापत्तूर ढोलीच्या एकाबी झाडाला करवत लावायची न्हाई."

पाचही हात वर गेले. संदेशनं फुलीवर काळा रंग फासला. करवतवाले वाटेतूनच परत फिरले.

पंचांबरोबर उतरताना संदेश थबकला. "आबांना टोपी काढ म्हणताना भ्यालो नाही. आता भितोय."

"कशाला?"

"तू नाही म्हणशील..."

"विचारून तर बघ."

"माझ्याशी लग्न करशील?"

सारिकानं त्याचा रंगानं माखलेला हात सगळ्यांसमोर धरला. "करीन!"

आणि दोन तास आवाज दाबून बसलेले पाचही पंच एकदम बोलू लागले.