गॅरेजमधलं ‘हो’

नोएमी पहिल्यांदा आमच्या गॅरेजमध्ये आली ती चुकून. २००८च्या जूनमधलं मतदान होतं. फ्रेस्नोतल्या आमच्या गल्लीचं मतदान केंद्र म्हणजे वीस वर्षं बाबांचं गॅरेज: गाडी रस्त्यावर, झेंडा दारात, टेबलाशी निवडणुकीची माणसं आणि त्यांना कॉफी द्यायला मी.

दाराला लावलेल्या यादीत तिचं नाव नव्हतं.

“तुमचं गॅरेज पुढच्या गल्लीत,” मी म्हणाले.

“नीट बघा ना... मला हेच आवडलंय.”

“गॅरेज?”

“गॅरेजही.”

मी कॉफी ओततच राहिले. कप भरला, बशी भरली... मग तिनंच माझा हात धरून किटली सरळ केली.

त्याच महिन्यात कॅलिफोर्नियात दोन बायकांना एकमेकींशी लग्न करता येऊ लागलं, कोर्टाच्या निकालानं. आणि नोव्हेंबरात लोकांना विचारणार होते, ही लग्नं राज्याच्या घटनेतच बंद करून टाकायची का? म्हणजे लग्न माझं आणि मत गल्लीचं. असं करता तरी येतं का, हे वकिलांनाही सांगता येईना.

ऑगस्टमध्ये नोएमीनं मला मागणी घातली.

“मी आवडते म्हणून, की मुदत संपतेय म्हणून?”

“पीच पिकलं की तू खातेस ना? आवडतं म्हणून, की सडेल म्हणून?”

मी नुसतं “बघू,” म्हणाले. खरी अडचण बाबांची होती. ते नोएमीला आग्रहानं जेवू घालत, पण आमच्याविषयी अवाक्षर काढत नसत. केंद्रापासून शंभर फुटांच्या आत कुणी मताविषयी बोलायचं नाही, असा नियम आहे. तो मतदानाच्या दिवसापुरता. बाबांनी मात्र दोन महिने आधीच जेवणाच्या टेबलालाही लावला. “घर शंभर फुटांच्या आतच आहे,” ते म्हणत. मला त्यांच्या मनाचा काही पत्ता लागत नव्हता, आणि तो लागल्याशिवाय मला लग्न करवत नव्हतं.

मतदानाच्या दिवशी अडीच वाजता नोएमी आली आणि फुटपाथवर शंभर फुटांची खूण म्हणून लावलेल्या चिकटपट्टीपलीकडे थांबली. मी तिच्याकडे गेले.

“लग्नाची कचेरी पाचला बंद होते, तालीन. उद्या आपल्यासाठी कदाचित कायमचीच.”

“बाबांना विचारलं नाहीये...”

तेवढ्यात बाबा मत देऊन बाहेर आले. पावलं मोजत आले, पट्टी ओलांडली आणि मगच बोलले.

“दोन महिने गप्प होतो, पोरी. नियम म्हणजे नियम. आता सांगतो. तुमच्या लग्नाला मी ‘हो’ केलंय. चांगलं ठळक.”

नोएमीनं माझं बोट घट्ट धरलं. हसावं की रडावं, मला कळेना. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते बाबा बोलले होते, आणि तेही आमच्याविरुद्ध मत देऊन.

“बाबा... त्या कागदावर ‘हो’ म्हणजे बंदी. लग्न हवं असेल त्यानं ‘नाही’ करायचं होतं.”

त्यांनी वळून मतपेटीकडे पाहिलं. “कागद परत देणार नाहीत,” ते स्वतःशीच म्हणाले. त्यांच्याइतकं ते कुणाला ठाऊक असणार? शर्टावरचा ‘मी मत दिलं’चा स्टिकर त्यांनी काढला, कुठं ठेवावा ते सुचेना, शेवटी माझ्या बाहीला चिकटवला.

“मग तू तरी बरोबर जागी ‘हो’ म्हण. पळा. कॉफीचं मी बघतो.”

पाचला वीस मिनिटं बाकी असताना मी ‘हो’ म्हणाले. घाईनं म्हणाले की प्रेमानं, ते अजूनही सांगता येत नाही. पीच मात्र गोड निघालं.

बंदी मंजूर झाली. पुढचे सहा महिने आमचं लग्न झालंय की नाही, हे कुणीच सांगेना. फॉर्म आला की मी ‘विवाहित’वर खूण करायची, खोडायची, परत करायची. मे महिन्यात कोर्टाचा निकाल लागला. नोएमीनं तो गॅरेजमध्ये मोठ्यानं वाचला: लोकांना अशी बंदी घालता येते, ती कायम. पण आधी झालेली लग्नंही कायम.

बाबा झेंड्याची काठी पुसत होते.

“म्हणजे माझं मत धरलं त्यांनी?”

“धरलं, बाबा.”

“आणि तुझं ‘हो’?”

“माझंही.”