आतून पडलेला पोचा

त्या दुपारी मी रागाच्या भरात बाबांच्या गाडीला लाथ घातली आणि माझा पाय गाडीतच अडकला.

दाराखाली पायरीसारखा लांबट पत्रा असतो ना, तिथे. वरून काळा, गुळगुळीत, अगदी साळसूद दिसत होता. आतून गंजून पार पापड झालेला. घोट्यापर्यंत पाय आत गेला आणि पत्र्याच्या कडा अशा बसल्या की पाय ना पुढे जाईना, ना मागे येईना. मी अंगणात एका पायावर उभी, आई नळावर गेलेली, आणि पलीकडे आमच्या कामतघर वस्तीतले सगळे लूम, यंत्रमाग, खटाखटा चाललेले. ओरडले तरी कोणाला ऐकू जाणार?

"हलू नको. कापंल."

कुंपणापाशी एक उंच, सावळा पोरगा उभा होता. खांद्यावर गोणपाटाची पिशवी आणि तिच्यातून हातोड्यांचे दांडे बाहेर डोकावत होते.

"ओळख ना पाळख, मला अगंतुगं करतोस?" पाय अडकलेला असतानाही मी भांडायचं सोडलं नाही.

"आमच्या पूर्णे गावाला सगल्यांना तसंच बोलतात." तो माझ्या पायाशी बसला. "लाथ कोणी मारली?"

"माझी गाडी, माझा पाय. तुला काय?"

"मना काय न्हाय. गंज कुठवर हाय ते आयतंच समजलं."

त्याने पिशवीतून पत्रा कापायची कात्री काढली आणि भोवतालचा पत्रा हळूहळू कापत आणला. दुसऱ्या हाताने माझा घोटा धरून ठेवला होता... हात खरखरीत, पण धरणं इतकं हलकं की मला उगाचच आणखी राग आला. पाय सुटल्यावर मी आभार मानले नाहीत. त्यानेही वाट पाहिली नाही.

"लडकू," तो म्हणाला. "डेंटिंगवाला. चिंधूशेठनी बोलावलंय."

लडकू... असल्या नावाच्या माणसाशी धड भांडताही येत नाही.

माझं भांडण खरं तर बाबांशी होतं. चिंधूशेठ म्हणजे माझे बाबा. ही लँडमास्टर गाडी त्यांनी वर्षानुवर्षं टॅक्सी म्हणून भिवंडीहून वज्रेश्वरी-अकलोलीला चालवली. गरम पाण्याच्या कुंडांवर जाणारी म्हातारीकोतारी, नवी जोडपी, सगळी हिच्यातून गेली. मग पेट्रोल महागलं आणि गाडी अंगणात बसली. तेवढ्यात माझं लग्न ठरलं. आमच्यात हुंडा घेत नाहीत, म्हणून तो शब्द कोणी तोंडातून काढला नाही. मुलाची आई जानकीबाई एवढंच म्हणाली, "गाडी पोरीबरोबर आली तं बरं दिसंल." बाबांनी लगेच मान डोलावली. मला कोणी विचारलं नाही. गाडीलाही नाही विचारलं, पण तिला निदान नवा रंग तरी मिळणार होता.

आणि तो रंग द्यायला हा लडकू आला होता. बाबा गाडी नजरेआड होऊ द्यायचे नाहीत, म्हणून काम आमच्याच अंगणात, गोणपाटांच्या मांडवाखाली.

दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेले तर हा लूमवरच्या टाकाऊ सुताचे गुंते गंजाच्या भोकांत कोंबत होता. शेजारी पाट्यावर लांबी कालवून ठेवलेली. लांबी म्हणजे रंगाआधी खड्डे बुजवायला लावतात तो लगदा.

"हे काय चाललंय?"

"भोकं बुजवतोय. तुझ्या बापसानंच सांगितलं. लग्नात चमकली म्हंजे झालं."

"आणि पावसाळ्यात?"

"सूत पाणी धरंल. लांबी फुगंल. मंग... पडंल."

"पडेल तेव्हा तू पूर्ण्याला असशील. बाबा इथे असतील. मी कुठे असेन?"

त्याने पाट्यावरची लांबी उगाचच पुन्हा कालवली.

"मी त्यांच्या घरात असेन. एकेक ढलपी पडेल आणि ती बाई मला हाताला धरून दाखवेल, बघ, तुझ्या बापानं काय दिलं. एकदा नाही, मरेपर्यंत. गाडी रंगवायची म्हणून तू रंगवशील आणि सुटशील. ऐकावं मला लागेल." बोलता बोलता माझा आवाज कापला, त्याचाही मला राग आला. "चहा घे. थंड होतोय."

त्याने चहा घेतला नाही. कोंबलेलं सूत बोटांनी ओढून बाहेर काढलं, सगळं, आणि हात पुसत सरळ बाबांकडे गेला. "शेठ, असं काम मना न्हाय जमणार. गंज कापायला लागंल. नवा पत्रा जोडायला लागंल."

बाबा भडकले. लग्न तोंडावर आलंय म्हणाले, ह्याला कोणी शहाणपण शिकवलं म्हणाले. मी म्हटलं, "मी." मग ते माझ्यावर भडकले. शेवटी आई, जी सहसा मधे पडत नाही, ती म्हणाली, "मैना खोटं न्हाय बोलत."

"कापा," बाबा म्हणाले. "काय कापायचं ते कापा. पण वेळेत झालं पाहिजे."

पत्रा सरळ करायला दोन माणसं लागतात. एकाने बाहेरून हातोडी मारायची आणि दुसऱ्याने आतून, बरोबर त्याच जागी, लोखंडाचा ठोकळा टेकवून धरायचा. बाबांचा खांदा वर होत नव्हता. आईने लूमसाठी सुताच्या कांड्या भरायचं काम पुढे केलं. राहिले मी. गोणपाट अंथरून मी मडगार्डखाली बसायची, तो बाहेर. मी त्याला दिसायची नाही, तो मला दिसायचा नाही. नुसता ठोका यायचा, मनगटातून थेट खांद्यापर्यंत.

"वर. आणखी वर. घट्ट धर, लाजतेस काय?"

"लाजतंय कोण? तूच घाबरत मारतोयस."

"पलीकडं तुझा हात हाय ना..."

मी ठोकळा तसाच धरून बसले.

लूमच्या आवाजात आम्हाला सगळं ओरडूनच बोलावं लागे. पत्रा जोडायच्या गॅसच्या कार्बाइडचा उग्र वास, डोळ्यांत गंजाची धूळ, वर चैत्राचं ऊन, आणि आमचं आपलं चाललेलं. तो म्हणायचा, तुझं तोंड हातोडीपेक्षा जोरात चालतं. मी म्हणायची, तरी तुझ्या डोक्यातला पोचा निघत नाही. एकदा त्याने पूर्ण्याहून ताडगोळे आणले, पळसाच्या पानात बांधून.

"हे कशाला?"

"उन्हात बसतेस म्हणून."

"मी तुझी मजूर नाही."

"मजूर असतीस तं आणले नसते."

मी पान उघडलं आणि सगळे ताडगोळे खाल्ले. त्याला एकही दिला नाही. तो हसत होता, ते मी पाहिलं, पण पाहिलं नाही असं दाखवलं.

मग एके दिवशी वीज गेली आणि सगळे लूम बंद पडले. कामतघर एकदम इतकं शांत झालं की त्याचा श्वास मला पत्र्याच्या पलीकडून ऐकू येऊ लागला.

"नवरा कसा हाय?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"बघायला आला तेव्हा आपल्या चपला बघत होता."

"आवडला?"

"मला कोणी विचारलं नाही."

"मी विचारतोय ना."

"नाही," मी म्हटलं.

मी थांबले. त्याने पुढे काहीतरी बोलावं म्हणून थांबले, अगदी निर्लज्जासारखी. पलीकडे काहीच नाही. "मार ना," मी शेवटी म्हणाले. "थांबलास कशाला?" आणि त्याने मारली हातोडी, नेहमीपेक्षा हलकी.

त्यानंतर तो बोलेनासाच झाला. काम मात्र सुंदर करत होता. नव्या पत्र्याचा सांधा बोटाला लागत नव्हता. पाणीपेपरने घासून घासून त्याने दारं आरशासारखी केली, वर काळ्या रंगाआधीचं अस्तर, गेरूच्या रंगाचं रेड ऑक्साइड चढवलं. बाबा खूश, आई खूश. मी आतल्या आत पेटत होते. मला दुसऱ्याच्या घरी पाठवायची तयारी हा माणूस इतकं मन लावून कशी करू शकतो, हेच मला कळत नव्हतं. मला तो आवडत होता. हे मी स्वतःशी कबूल केलं तेव्हा तर मला त्याला गाठून चांगलं बदडावंसं वाटलं.

काळा रंग द्यायचा त्या सकाळी बाबांची आरडाओरड ऐकून मी बाहेर आले. डाव्या मडगार्डला चांगला नारळाएवढा पोचा होता. "कोणाची गाय शिरली? कोणाची पोरं?" बाबा गल्लीभर विचारत सुटले. लडकू खाली मान घालून पाणीपेपर भिजवत होता.

मी मडगार्डवरून हात फिरवला. गाय धडकली तर पत्रा आत जातो. पोरांनी दगड मारला तरी आतच जातो. हा पत्रा बाहेर आला होता. वर ओरखडाही नव्हता. म्हणजे हा ठोका आतून बसला होता, आणि या मडगार्डच्या आत शिरणारी माणसं दोनच. त्यातली एक मी.

"तू पाडलास," मी म्हणाले.

"...हां."

"आतून का मारलास?"

"बाहेरून मारला असता तं ऑक्साइड निघालं असतं." तो पुटपुटला. "चांगलं बसलं होतं."

मला हसू येत होतं आणि त्याहून जास्त रडू येत होतं. म्हणून मी चिडले. "आणि पाडलास कशाला?"

"अजून दोन दिवस मिलले असते."

"दोन दिवस घेऊन काय करणार होतास?"

"तेच... तेच कलत नव्हतं."

"कळत नव्हतं? त्या दिवशी एक अख्खी दुपार शांत होती, लडकू. मी 'नाही' म्हटलं, तुझ्यासमोर म्हटलं. तेव्हा तुझ्या तोंडाला कुलूप. आणि आता चोरासारखा गाडीच्या पोटात शिरून पत्र्यावर मर्दुमकी दाखवतोस? गाडीला पोचा पाडता येतो, माणसासमोर तोंड उघडता येत नाही?"

तो उठून उभा राहिला. चेहरा पडलेला. काही बोलणार होता, पण नेमकी त्याच वेळी जानकीबाई न कळवता दारात हजर झाली. मागे तिचा मुलगा, माझा होणारा नवरा, आजही चपला बघत.

जानकीबाईची नजर आधी गाडीवर गेली. माझ्याकडे ती वळलीच नाही. "ह्ये काय? रंग न्हाय, आन वर ह्यो फुगा? चिंधूशेठ, असं डबडं आमच्या दारात आनणार?"

बाबा हात जोडल्यासारखे उभे राहिले. आयुष्यात कोणापुढे वाकले नव्हते, ते म्हणाले, "गाय धडकली असंल, जानकीबाय. दोन दिवसांत..."

"गाय न्हाय," लडकू म्हणाला.

त्याचा आवाज फार मोठा नव्हता, पण सगळे वळले. आता गप्प बसला असता तर मी त्याचं नाव आयुष्यात घेतलं नसतं.

"मी पाडलाय. मुद्दाम. गाडी तयार झाली की मैना जाणार, म्हणून." मग तो बाबांकडे वळला. "मना मैना आवडते, शेठ. आधीच सांगायला पायजे होतं. हिंमत झाली न्हाय."

आईच्या हातातली कांडी खाली पडली. बाबांनी हातोडी उचलली. मी दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले. "बाबा, मलाही तो आवडतो. मला त्याचा भयंकर राग आलाय, तरी आवडतो. आणि हे लग्न मला करायचं नाही. तुम्ही विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. बोलली ती जानकीबाईच, अगदी सावकाश, पदर सारखा करत.

"पोरीचं काय ते तुमी मागाहून बघा. समजावा, न्हायतर आमी दुसरी बघू. पन गाडीचा शब्द दिलाय ना? ती तेवढी रंगवून धाडा. पोराला धंदा होईल."

बाबांच्या हातातली हातोडी खाली आली. "म्हणजे पोर नसली तरी गाडी हवी?"

"शब्द तं शब्द."

"मी माझी पोर देत होतो, जानकीबाय," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "गाडी तिच्यामागून येत होती. तुमी तिला गाडीमागून नेत होता, ते माझ्या टकुऱ्यात आता शिरतंय. चला, वाट धरा. पोर न्हाय आन गाडी पण न्हाय."

जानकीबाई खूप काही बोलत गेली. मुलाने मात्र कुंपणाबाहेर पडताना पहिल्यांदाच मान वर केली, आणि मला वाटतं, त्याला हायसं वाटलं होतं.

बाबा गाडीच्या दाराखालच्या नव्या पत्र्यावर बसले, डोकं धरून. मग लडकूकडे न बघता म्हणाले, "तू पण निघ. माझ्या अंगणात, माझ्याच गाडीवर... निघ. उद्या येशील तं आईबापसाला घेऊन ये. एकटा दिसलास तं तंगडी मोडीन."

लडकूला ते समजायला थोडा वेळ लागला. आईने तोंडाला पदर लावला, ती हसत होती. तो पिशवी न घेताच निघाला. मी पिशवी उचलून त्याच्या मागे कुंपणापर्यंत गेले आणि त्याच्या छातीवर आदळली.

"राग गेला न्हाय अजून?" त्याने विचारलं.

"नाही. आणि उद्या आला नाहीस तर मी पूर्ण्याला येईन."

"घरी काय सांगू? पोरगी कशी हाय म्हणून?"

"सांग, रागीट आहे."

"आन तिला मी पसंत हाय का, ते इचारतील..."

"तू विचारलंस का मला? बाबांना सांगितलंस, त्या बाईला सांगितलंस, सगळ्या गल्लीला सांगितलंस. मला अजून एका शब्दानं विचारलं नाहीस."

तो गोंधळला. कानापर्यंत लाल झाला. "मंग... आता इचारतो. मैना, तू—"

"राहू दे," मी म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्याला दिसत होतं, दिसू दे. "तुझी वाट बघत बसले तर माझे केस पिकतील. त्यांना सांग, पोरीनं हो म्हटलंय."