माझ्या नावाखाली त्याचं नाव

शालिना सुटता सुटता तो आत चढला. केसांवर पावसाचे थेंब, खांद्यावर ओली पिशवी.

"ही ट्रॅम विद्यापीठाकडं जाते ना?"

"ट्रॅम प्रागमध्ये," मी म्हणाले. "आमच्या ब्रनोत हिला शालिना म्हणतात."

"मी प्रागचाच... माफ करा." तो हसला. गालाला खळी पडली — नको तेवढी छान!

मग त्याच्या गळ्यातलं संमेलनाचं ओळखपत्र दिसलं. वोइतेख हालुझा. मेलिंग लिस्टवर कित्येक आठवडे माझ्याशी भांडणारा तो हाच!

भांडण असं — काही चिपची रचना हवी तशी बदलता येते. त्या रचनेची फाइल कर्नल, म्हणजे संगणकाच्या यंत्रणेचा गाभा, चिपमध्ये भरतो. ती कुठल्या सर्किट बोर्डाची, हे फाइलच्या सुरुवातीला, हेडरमध्ये, लिहिलेलं हवं, नाहीतर भलतीच फाइल भरून बोर्ड जळायचा. पण लिहायचं कसं? मी म्हणत होते, बोर्डांची माहिती कर्नल ज्या मांडणीत आधीपासून वाचतो, तिच्यातच. त्याला स्वतःची नवी मांडणी हवी होती. त्यानं आक्षेप घेतला होता; त्याचा होकार येईपर्यंत माझं काम कर्नलमध्ये जाणार नव्हतं. माझं पहिलंच काम, आणि मला त्याचा भारी अभिमान.

"तुम्हीही संमेलनालाच? मग त्या ब्लांका सेद्लारोव्हाला ओळखत असाल. कशी आहे हो?" त्यानं विचारलं.

"खाष्ट. नाकावर माशी बसू देत नाही."

"ई-मेलवरून वाटतंच. पण लिहिते सुंदर..."

मी हळूच माझं ओळखपत्र कोटाबाहेर काढलं. तो कानापर्यंत लाल झाला.

"मी... मी आक्षेप मागे घेतो."

"का? माझ्या डोळ्यांकडं बघून?" माझा पारा चढला. "भीक नकोय मला. चूक दाखवा, नाहीतर कारण देऊन होकार द्या. लिस्टवर, सगळ्यांसमोर!"

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. मग लॅपटॉप गुडघ्यांवर घेतला.

"दाखवतो. हेडर स्वतःची लांबी सांगतो आणि तुम्ही डोळे झाकून विश्वास ठेवता. फाइल अर्धवट आली तर? कर्नल पुढचं भलतंच वाचत सुटेल."

खरं होतं.

"आणि तुमच्या मांडणीत ती लांबी तपासलीय?"

तो शोधत राहिला. "नाही... माझ्यातही नाही."

"मग बघा! मला एक तपासणी वाढवायची आहे. तुम्हाला मात्र वाचणारा सगळा कोडच नवा लिहावा लागतोय, आणि तो तुमच्याशिवाय कुणी पाहिलेला नाही. माझ्या मांडणीचा कोड सगळ्यांनी वर्षानुवर्षं घासूनपुसून घेतलाय."

त्यानं लॅपटॉप मिटला.

"हरलो," तो म्हणाला. "पण हरायला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं..."

विद्यापीठाचा थांबा कधीच मागे पडला होता.

दुसऱ्या दिवशी मी दुरुस्ती पाठवली. त्याचं उत्तर लिस्टवर आलं. स्वतःची चूक त्यानं उघड सांगितली होती, माझी मांडणी का बरी तेही लिहिलं होतं. आणि तळाशी, माझ्या नावाखाली — 'तपासलं: वोइतेख हालुझा'. माझी छाती अभिमानानं भरून आली.

संध्याकाळी तो पुन्हा माझ्याच डब्यात चढला.

"माझं नाव आता कायमचं तुझ्या नावाखाली," तो म्हणाला. "कर्नलच्या इतिहासातून ते पुसता येत नाही. आणि... मला पुसायचंही नाही, ब्लांका. मला तू आवडतेस."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. गाल तापले होते.

"ही शालिना कुठवर जाते?" त्यानं हळूच विचारलं.

प्रागच्या माणसाच्या तोंडी शालिना! मी शेजारच्या जागेवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बस ना," मी म्हणाले. "शेवटच्या थांब्यापर्यंत जाते."